बारगिराची बिदागी

दिल्ली, आषाढ शुद्ध पंचमी.

रिकिबीत पाय पोहोचत नसे त्या वयात जी माझ्याकडे अश्वारोहण शिकण्यास आली, तिने आता विद्यापीठाची पदवी संपादन केली असून, तिला कोणती भेट द्यावी या विवंचनेत मी आहे. प्रथम खोगिराचा विचार आला, आणि कानपूरच्या कारागिरांचे चर्मकाम आठवता तो मोहकही वाटला. परंतु खोगीर घ्यावे लागते ते घोड्याच्या पाठीच्या मापाने, आणि तिच्यापाशी घोडा कोठे आहे? मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर व पदरचा घोडा आणणारा तो शिलेदार, असा जो भेद असे, त्या हिशेबाने ती अद्याप क्लबाच्या पागेतील बारगीरच. शिरस्त्राण ज्याचे त्यानेच डोक्यावर घालून पारखावे. चषक तर मुळीच नको.

१९८२ साली याच दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला आणि रघुबीर सिंग यांनी सुवर्णपदक मिळविले, ही हकीकत तिला सांगितली तेव्हा तिने विचारले ते एवढेच, "सर, घोड्याचं नाव काय होतं?" शहजादा, मी म्हणालो. त्या प्रश्नाच्या स्मरणाने निवड सुकर झाली: एक उत्तम खरारा आणि खूर साफ करण्याची आकडी, ज्या कोणाच्याही पागेत, कोणाच्याही जनावराला चालतील आणि मोतद्दाराची वाट पाहावयास लावणार नाहीत. त्यांच्या चामडी पिशवीसाठी मात्र कानपुरास कळविले आहे. तेवढी चैन मला परवडते.