लीड्सची कथा

अजित वाडेकरांच्या संघानें १९७१ सालीं इंग्लंडांत मिळविलेल्या विजयाची कथा आमच्या नंदुरबारच्या एकत्र कुटुंबांत लहानथोरांस तोंडपाठ आहे. १९७४ ची मालिका मात्र कोणी आठवीत नाहीं. त्या वर्षीं १३ जुलै रोजीं लीड्स येथें भारत आपला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला. वाडेकरांनीं स्वतः ६७ व संघानें २६५ धावा केल्या. तरी तो सामना गेला आणि पुढचाही गेला. परंतु नऊच वर्षांनीं, १९८३ सालीं, त्याच इंग्लंडांत, त्याच प्रकारच्या खेळांत भारत जगज्जेता झाला.

यंदा आमचा पुतण्या दहावीस नापास झाला. त्यास विजयाच्या कथा सांगणारे घरांत पुष्कळ आहेत. आम्हीं लीड्सची सांगितली. लगेच तो पुस्तकें घेऊन बसला असें नाहीं. पण त्या रात्रीं आमच्या शेजारीं पानावर बसून पोटभर जेवला.