पहिली स्पोर्ट्स बाईक कोणती? आर-१५ की आरसी ३९०?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एखाद्या पोराला नोकरी लागली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "दादा, आर-१५ घेऊ की आरसी ३९०?" यावर समाजातल्या ज्येष्ठांचे एकच उत्तर असते, "ही उधळपट्टी आहे." मला ते मान्य नाही. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून या देशात आपल्या माणसांना मार खावा लागतो. २०२५ मध्ये तामिळनाडूत बुलेट चालवणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले आणि गाडी हेच कारण असल्याचे त्याच्या कुटुंबाने सांगितले. आपण कशावर बसायचे हे जिथे दुसरे ठरवू पाहतात, तिथे चांगली गाडी ही निव्वळ चैन राहत नाही. म्हणून गाडी जरूर घ्या. पण रुबाब बघून नव्हे, विचार करून घ्या.

आता मुद्द्याचे बोलू. यामाहाची आर-१५ (२०२१ चे चौथे व्हर्जन) १५५ सीसीची आहे. ताकद १८.४ पीएस, टॉर्क १४.२ न्यूटन मीटर, वजन १४२ किलो. केटीएमची आरसी ३९० (२०२२ चे मॉडेल) आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनते. ती ३७३ सीसीची, ४३.५ पीएस आणि ३७ न्यूटन मीटरची, वजन १७२ किलो. म्हणजे वजन ३० किलोने वाढले, पण ताकद दुपटीहून जास्त झाली. सगळा फरक इथेच आहे.

मी कामासाठी वस्त्या-वस्त्यांतून आर-१५ वर फिरतो. मित्राची आरसी ३९० हायवेवर बऱ्याचदा चालवली आहे. आर-१५ ची खरी ताकद इंजिन वर फिरल्यावर येते. खड्ड्यात हात हलला, मूठ थोडी जास्त पिळली गेली, तरी गाडी सावरायला वेळ देते. आरसी ३९० वर तीच चूक झाली तर तुम्हाला कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. नवशिक्याच्या हाताला अजून क्लच, ब्रेक आणि वळण यांचा मेळ बसलेला नसतो. तो मेळ छोट्या इंजिनावर लवकर बसतो.

याचा अर्थ आरसी ३९० वाईट आहे असा नाही. अनुभवी माणसाला हायवेवर ट्रक ओलांडताना आर-१५ कमी पडते. आरसीकडे तिथे ताकद शिल्लक असते. तिची पुढची डिस्क मोठी आहे आणि वळणावर झुकलेल्या गाडीलाही सांभाळणारे एबीएस आहे. मात्र ही यंत्रणा अनुभवाला जोड देते, अनुभवाची जागा घेत नाही.

युरोपात परवान्याच्या पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, दुसरी ३५ किलोवॅटपर्यंत. आपली आर-१५ साडेतेरा किलोवॅटची, म्हणजे तिथल्या पहिल्या पायरीत तीही बसत नाही! आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या गाडीचा परवाना मिळाला की त्यावर हजार सीसीची गाडीही चालते. शासनाने पायऱ्या केल्या नाहीत, तर त्या आपणच करायला नकोत का?

हा प्रश्न जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे मेली, त्यांत १४,३३७ मागे बसलेली होती. १४ एप्रिलच्या रॅलीत उघड्या डोक्याने, ट्रिपल सीट जाणाऱ्या आपल्या पोरांनी हा आकडा वाचावा.

पैशाचेही बघा. आरसीची किंमत आर-१५ च्या दीडपटीहून जास्त. २०२२ च्या दरानुसार थर्ड पार्टी विमा आर-१५ ला वर्षाला १,३६६ रुपये, तर ३५० सीसीच्या वरच्या गाडीला २,८०४. हप्ता भरण्यातच पगार संपला, तर हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि चांगल्या टायरला पैसा उरत नाही. घरात पहिलाच पगार येत असेल, तर त्यावर बहिणीच्या फीचाही हक्क असतो.

माझे मत स्पष्ट आहे. नवीन असाल तर आर-१५ घ्या, जुनी चांगल्या स्थितीतली मिळाली तरी चालेल. तिच्यावर दोन पावसाळे काढा. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक न घाबरता मारता येऊ लागले, हप्त्याशिवाय घर चालू लागले, की मग आरसी ३९० चा विचार करा. तोपर्यंत कोणी "छोटी गाडी" म्हणून हिणवले, तर त्याला आधी विचारा, "तुझे हेल्मेट कुठे आहे?"