हलतंय कुठे ते बघ

आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, तिला जमिनीवरून उठणं जमेना, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पलंग मागवला. दोन चपट्या खोक्यांतून तो भिवंडीत कामतघरच्या आमच्या खोलीत आला. पाट्या, स्क्रूची पिशवी, एक वाकडा षटकोनी पाना आणि चित्रांचा कागद. मी माणकोलीच्या एका गोदामात काम करतो. असली खोकी रोज हाताखालून जातात, पण त्यातला पलंग स्वतः जोडायची ही पहिलीच वेळ. दीड तासात उभा राहिला.

गणपतीपर्यंत तो डुलायला लागला होता. आई कुशीवर वळली की डोक्याकडची फळी भिंतीवर आपटायची. आई काही बोलली नाही. एका पहाटे ती सतरंजी टाकून पुन्हा जमिनीवर झोपलेली दिसली. मला फार लागलं ते.

त्याच दिवशी मी सगळे स्क्रू आवळले. काही आवळले गेले, काही नुसते फिरत राहिले. माझे वडील, आप्पा, दारात उभे होते. म्हणाले, "आधी पाना ठेव खाली. हलतंय कुठे ते बघ."

आप्पांनी तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. आमच्याकडे मागाला साचा म्हणतात. त्यातला धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला अख्खा साचा हादरतो. जे हादरतं त्याचे नट सुटणारच. कुठला सुटलाय हे खडखडाटातून ओळखायचं, ही जॉबरची विद्या. बाहेरच्यांना भिवंडी म्हटलं की गोदामं आठवतात, पण हे गाव उभं राहिलं ते या हादऱ्यांवर.

गादी काढली. आप्पांनी मला पलंग हळू हलवायला सांगितला आणि स्वतः एकेका सांध्यावर तळहात ठेवून बसले. डोक्याकडचे दोन्ही सांधे शांत होते. पायथ्याचे दोन्ही उघडमीट करत होते. मग त्यांनी टेप काढला आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक 98 इंच, दुसरा त्याहून पाऊण इंचाने जास्त. चौकोन कलला होता. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांच्या भरवशावर उभा असतो; कोपरा सैल झाला की तो पतंगासारखा तिरपा होतो. आत एक तिरकी पट्टी मारली की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला कलायला वावच नसतो.

स्क्रू फिरत का होते, ते एक काढल्यावर कळलं. मागून भुसा आला. या पाट्या लाकडाच्या नसतात, लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेल्या असतात. वरून गुळगुळीत, आतून ठिसूळ. स्क्रूने एकदा धरलेली जागा चुरली की त्याच भोकात तो पुन्हा धरत नाही. त्यात पावसाळ्याची ओल लागली की चुरा फुगतो. मी जितका जोर लावून आवळत होतो, तितकं भोक मोठं होत होतं.

धामणकर नाक्यावरून सामान आणलं: आठ एमएमचे लांब बोल्ट, रुंद वॉशर, स्प्रिंग वॉशर, प्रत्येक बोल्टला दोन नट आणि लोखंडी एल पट्ट्या. कोपऱ्यांत बसवायला ठोकळे हवे होते. आप्पा माळ्यावर चढले आणि कापडात गुंडाळलेलं एक लाकूड घेऊन उतरले. त्यांच्या शेठनी साचे भंगारात किलोवर विकले, त्या दिवशी आप्पांनी मागून घेतलेला हात्याचा तुकडा. वर्षानुवर्षं धोटा धावून त्याची एक बाजू आरशासारखी झाली होती. मी म्हटलं, "आप्पा, हे नको. दुसरं आणतो."

"तिच्याच पलंगाला लागतंय ना?" एवढंच म्हणाले आणि करवत मागितली.

बाकीचं काम दुपारभर चाललं. आधी गुण्या लावून चौकट सरळ केली, दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत. फिरणाऱ्या भोकांत फेव्हिकॉल लावून लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. पायथ्याच्या कोपऱ्यांत ठोकळे बसवून पाटीतून आरपार बोल्ट घेतले. पाटी चुरू नये म्हणून दोन्हीकडे रुंद वॉशर, मग नट, आणि त्यावर दुसरा नट उलटा ताण देऊन. याला चेक नट म्हणतात. पहिला सुटायला लागला तर दुसरा त्याला अडवतो. खालून प्लायवूडची तिरकी पट्टी मारली. मधोमध एक जादा पाय दिला, कारण मधली पट्टी वजनाने खाली वाकत होती. फेव्हिकॉल वाळावा म्हणून रात्रभर पलंगाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आई बसली. आधी कडेला, मग पाय वर घेतले. भिंतीला हात लावला नाही.

आप्पांनी माझ्या मुलीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि प्रत्येक नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत एक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ, तर नट जागेवर. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टॉर्च घेऊन पलंगाखाली सरकतात. या वेळी पायथ्याची डावी रेघ केसभर तुटलेली निघाली. त्यांनी खालूनच हात बाहेर काढला आणि मी पाना त्यांच्या तळहातावर ठेवला.