खारपाणपट्ट्यातून कालव्यांच्या मुलखात

आमची भातकुली पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. विहीर खोदली तरी पाणी खारंच लागायचं. त्यामुळे भरल्या पाण्यातून बोटीनं जायची हौस घरात सगळ्यांना, अम्मीला तर सर्वांत जास्त. पण तिच्या गुडघ्यांनी साथ सोडलेली. घरात काठी, बाहेर व्हीलचेअर. केरळला निघालो तेव्हा नातलग म्हणाले, "तिला हॉटेलात बसवा आणि तुम्ही फिरून या." आम्ही तिला बरोबरच घेतलं.

कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू आहे. बॅटरीवर चालणाऱ्या या वातानुकूलित बोटी कोचीन शिपयार्डनं बांधल्या. त्यांचा धक्का पाण्यावर तरंगतो. भरती-ओहोटीबरोबर बोट वर-खाली होते, तसा धक्काही होतो. दोन्ही एका पातळीत राहतात. वैट्टिलाला अम्मीची खुर्ची सरळ आत गेली, कुणाला उचलावं लागलं नाही. काक्कनाडपर्यंत ती खिडकीतून दोन्ही काठांची नारळाची झाडं बघत होती.

अलप्पुळाला मात्र गोष्ट वेगळी. तिथं कालव्यातल्या शिकाऱ्यात बसायला काठावरून एक पाऊल खाली टाकावं लागतं. नावाड्यांनी दोन्ही बाजूंनी धरून अम्मीला उतरवलं. माणसं प्रेमळ होती, तरी तिचा चेहरा पडला. वय झालं तरी कुणाच्या हातावर ओझं होऊन जाणं जिवावर येतं. बोट हलली तेव्हा कुठे ती सावरली.

पुढे कुट्टनाडची भातशेती लागली, समुद्रसपाटीच्याही खाली. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमला बांध आहे. कोरड्या दिवसांत त्याचे दरवाजे बंद करतात. हे ऐकून अम्मी म्हणाली, "इथं खाऱ्या पाण्याला दार तरी लावता येतं!"

खाण्याची चिंता पडली नाही. हलाल खानावळी जागोजागी. तांदळाच्या पिठाची पातळ पत्तिरी मटणाच्या रश्शाबरोबर खाल्ली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हाला ती कागदासारखी वाटली, पण पोट भरलं. केळीच्या पानात भाजलेली करीमीन मासळी अम्मीनं काटे काढत निवांत संपवली. मट्टांचेरीत कच्छी मेमन घराणी पिढ्यान् पिढ्या नांदताहेत. तिथली बिर्याणी आपल्या बिर्याणीपेक्षा सौम्य. जेवणावर लिंबू पिळलेला बिनदुधाचा सुलेमानी चहा.

घरातल्या थकल्या माणसाला घेऊन जायचं असेल, तर आरक्षणाआधी फोनवर चार गोष्टी विचारा: काठ आणि बोट एका पातळीत आहेत का? मध्ये फळी टाकता येते का? दारातून खुर्ची जाते का? संडास कमोडचा आहे का, आणि वुजूसाठी बसून पाणी घेता येतं का? बोट किती सुंदर आहे, हे त्यानंतर बघा.