अंडी न देणारी कोंबडी



शेजारच्या कोंबडीनं अंडी देणं थांबवलं, तेव्हा तिचं पुढं काय होणार हे कळत होतं. मी तिला मागून आणलं. दोन वर्षं झाली. मी बी.कॉम. शिकलेली, हिशेब मांडला तर जमेची बाजू कोरी, खर्चाला ज्वारी, कण्या आणि औषध.

या पावसाळ्यात तिचा पाय सुजला. रोज कोमट मिठाच्या पाण्यात धरते, कोरड्या गोणपाटावर बसवते. सूज अजून पुरती उतरलेली नाही.

मग पिसांत उवा झाल्या. डॉक्टरांनी पूड दिली, पण हात थबकला. एका जिवासाठी किती जीव मारायचे? शेवटी घमेल्यात बंबातली राख नि माती ठेवली. ती स्वतःच लोळली. पण राखेनंही उवा मरतातच. मनाला फसवून काय उपयोग? गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे, आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही. म्हणून संध्याकाळच्या सामायिकात त्या उवांचीही क्षमा मागते.

दिल्लीच्या लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. आपल्या परसात एका खुराड्यापुरती जागा निघेलच की!