होतकरू

शिष्यवृत्तीच्या अर्जांवर आपल्याकडे एक ठरलेला शब्दप्रयोग असतो: ‘गरीब व होतकरू’. त्यांपैकी गरिबीचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. होतकरूपणाचा दाखला देण्याचे काम मात्र आम्हा प्राध्यापकांकडे येते, आणि गेली अठरा वर्षे उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना असे कित्येक दाखले मी फारसा विचार न करता दिले आहेत. या शब्दाकडे नीट पाहणे मला भाग पाडले ते एका संगणकीय खेळाने, आणि तोही बेसबॉलच्या.

बेसबॉल मी प्रत्यक्ष कधी खेळलेलो नाही. अंबरनाथच्या ज्या चाळीत मी वाढलो तिथे बोळातले क्रिकेट होते आणि पावसाळ्यात वर्गात बसून खेळायचे ‘बुक क्रिकेट’. पाठ्यपुस्तक कुठेही उघडायचे. डावीकडच्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आला की बाद. वहीच्या मागच्या पानावरच्या त्या अकरा नावांना भूतकाळ नव्हता आणि उद्याही नव्हता. तास संपला की ती संपत. पुढे एका चर्चासत्राच्या निमित्ताने रॉबर्ट कूव्हर यांची ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ ही १९६८ची कादंबरी वाचली. तिच्यातला हेन्री वॉ हा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकून बेसबॉलचे एक संपूर्ण विश्व चालवतो. खेळाडूंना घराणी देतो, चरित्रे देतो. आणि त्याचा सर्वांत लाडका तरुण पिचर फाशांच्या एका दानाने चेंडू लागून मरतो. निर्माता आणि निर्मिती यांच्या नात्यावर निबंध लिहून मी मोकळा झालो, पण हेन्री मनातून गेला नाही. त्याचे बोट धरूनच मी मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने १९९९मध्ये आणलेल्या ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या खेळापर्यंत पोचलो. बदलापूरला घरी आल्यावर, जेवणे आटोपली की तासभर मी एका संघाचा व्यवस्थापक असतो.

या खेळात हाताने काहीच खेळायचे नसते. माणसे निवडायची, वाढवायची आणि वाट पाहायची. दरवर्षी अठरा-वीस वर्षांच्या नवोदितांची निवड होते. प्रत्येकाच्या नावापुढे दोन अंक दिसतात: आज तो काय आहे आणि पुढे काय होऊ शकेल. हे अंक वीस ते ऐंशी या मापावर असतात. अमेरिकेतले खरे निरीक्षकही हेच माप वापरतात. गंमत अशी, की दिसणारा दुसरा अंक हे सत्य नव्हे. ते आपण पगारावर ठेवलेल्या निरीक्षकाचे मत असते. तो चुकू शकतो. शिवाय खेळाडूच्या आतला खरा अंकही काळानुसार वरखाली होत राहतो.

निवडलेली मुले मुख्य संघात जात नाहीत. त्यांच्यासाठी खाली दुय्यम संघांची उतरंड असते. १९२०च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्ससाठी ब्रँच रिकी यांनी ही व्यवस्था उभी केली, आणि तिला ‘फार्म’ म्हणतात. शब्द शेतीचा आहे, आणि नियमही शेतीचेच. मुलाला लवकर वर चढवले तर तो खचतो, फार काळ खाली ठेवला तर खुंटतो. आणि कायम राखूनही ठेवता येत नाही. ठरावीक वर्षांत चाळीस जणांच्या यादीत त्याला जागा दिली नाही, तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणजे पुरेसे कळण्याच्या आधीच निर्णय घ्यावा लागतो. २००८मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेव्हा त्यांच्या बाबतीतही असेच झाले असणार. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. पण दिनेशला २०१०मध्ये मोकळे केले गेले आणि रिंकू काही वर्षे खालच्या संघांतून खेळत राहिला.

माझ्या संघात एक डावखुरा पिचर होता. तीन हंगाम तो खालच्याच पायरीवर राहिला. निरीक्षकाने त्याच्या भविष्यापुढे पस्तीस लिहिले होते. बावीस वर्षांचा झाल्यावर मी त्याला मोकळे केले. खेळातली चार वर्षे उलटल्यावर दुसऱ्या संघाच्या यादीत तो मला दिसला, पहिल्या क्रमांकाचा पिचर म्हणून. मी जुनी जतन केलेली प्रत उघडून पाहिली. त्या दिवशी माझ्यासमोर पस्तीस या अंकाखेरीज काहीही नव्हते. चूक झाली होती, पण वेगळे काही करायला आधार नव्हता.

त्या रात्री मला एक विद्यार्थी आठवला. दहाएक वर्षांपूर्वीचा. वांगणीहून यायचा, रात्रपाळीला अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, आणि माझ्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी त्याला समजावले, की तिसऱ्या वर्षाला मराठी घेऊ नकोस, झेपणार नाही. ‘बरं सर’ एवढेच तो म्हणाला. पुढच्या वर्षी तो महाविद्यालयातच आला नाही.

मागच्या दिवाळीच्या सुटीत विभागातले कपाट आवरताना त्याचा अंतर्गत परीक्षेचा कागद हाती आला. एका कथेतल्या आईच्या मौनाविषयी अर्धे पान. त्यात एक वाक्य होते: ती बोलत नाही, कारण ती घरी येते तेव्हा ऐकायला कुणी जागे नसते. त्याखाली माझ्या अक्षरात, लाल शाईने, ‘विषयाला सोडून’. दहापैकी तीन गुण.

त्या एका वाक्यावरून तो समीक्षक झाला असता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा अंकच देणे. पण पिचरच्या वेळी माझ्याकडे वाचायला काही नव्हते. इथे कागद माझ्या हातात होता, आणि मी वाचला होता तो मुलगा, तोही झोपलेला. संगणकातल्या खेळात कुणाही खेळाडूचे अंक हवे तसे बदलण्याची सोय आहे; आमच्याकडच्या वाढीव गुणांसारखी. हेन्रीही शेवटी न राहवून फासा स्वतःच्या हाताने उलटा करतो. मी ती सोय आजवर वापरलेली नाही, आणि त्या कागदावरच्या तीनाचे आता सात करूनही काही होणार नाही.

परवा एक मुलगी शिफारसपत्रासाठी आली. अर्जावर तेच दोन शब्द छापलेले होते. पत्र उद्या देतो म्हणालो आणि तिने लिहिलेले काही असेल तर मागितले. तिने संकोचत चार पाने काढून दिली. विठ्ठलवाडीला लोकलमध्ये चढलो, दाराशी उभ्यानेच वाचायला घेतली. दोन पाने सामान्य होती. तिसऱ्यावर मी थांबलो, मागे गेलो, पुन्हा वाचले. अंबरनाथ केव्हा गेले, कळले नाही.