इंजिनाचे डोके

मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी मुलगी सुट्टीत मामांच्या गॅरेजात काय करते, असे मैत्रिणी विचारतात. ‘डोके साफ करते,’ असे मी सांगते, आणि ते अक्षरशः खरे असते.

गेल्या मे महिन्यात मामांकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली. मुंबईतल्या या टॅक्सींचा जमाना २०२३ साली संपला. पण कोल्हापुरातल्या या मालकांचा वडिलांच्या गाडीवर अजून जीव होता, आणि पन्हाळ्याचा चढ तिने जरा जोमाने चढावा अशी त्यांची इच्छा होती. इंजिन तेवढेच ठेवून ताकद वाढवायची, तर हात घालावा लागतो तो सिलिंडर हेडला. हवा आत येण्याची वाट, धूर बाहेर जाण्याची वाट, व्हॉल्व्ह आणि ज्वलनाची कोठडी, सारा संसार त्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातच असतो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे एका सिलिंडरचे २७२. पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा ३९ सी.सी. असेल, तर मिश्रण आठपट दाबले जाते. ३४ असेल, तर नऊपट. फरक अवघा पाच सी.सी.चा, म्हणजे चहाचा एक चमचा! त्यासाठी हेडला फेस मारून दीड मिलिमीटरच्या आसपास धातू काढावा लागेल. पण काढलेला धातू परत येत नाही, आणि या हेडला पूर्वी फेस मारलेला होता. “अर्ध्या मिलिमीटरच्या वर जायचं न्हाई,” मामांनी बजावले.

आधी चारही कोठड्या मोजायच्या होत्या. वर काच बसवायची, कडेला ग्रीस लावायचे आणि काचेच्या भोकातून ब्युरेटने रॉकेल सोडायचे. बारावीनंतर ब्युरेटशी पुन्हा गाठ पडेल, असे वाटले नव्हते. लहानमोठ्या कोठड्यांत दोन सी.सी.चा फरक निघाला. लहान कोठड्या घासून मोठीएवढ्या करण्यात माझे दोन दिवस गेले.

मग वाटा. व्हॉल्व्हच्या खाली हवेला जिथे वळावे लागते, तिथली धारदार कड मोडून वळण सौम्य करायचे. खरा फायदा तिथे असतो. हॅरी वेस्लेक या इंग्रज तंत्रज्ञाने हेडमधून वाहणारी हवा मोजून याच विद्येत नाव कमावले. ऑस्टिनच्या आणि पुढे मिनीच्या ए-सिरीज इंजिनाची हृदयाकृती कोठडी त्यांचीच. इनलेटची वाट आरशासारखी चकचकीत करावी, अशी हौशी मंडळींची समजूत असते. मामा तसे करू देत नाहीत. फार गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल चिकटून ओघळते. (आमच्या काही निबंधांनाही हा नियम लावता येईल.)

हेड चढले, आणि आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. दाब वाढला की ठिणगीची वेळ नव्याने जुळवावी लागते. ती फार लवकर पडली, तर मिश्रण अवेळी भडकते आणि इंजिनातून बारीक टिणटिण ऐकू येते. तिकडे दुर्लक्ष केले, तर पिस्टनला भोक पडू शकते. चढावर, वरच्या गिअरात मामांनी ॲक्सिलरेटर दाबला. काचेच्या बरणीत खडे हलवावेत, तसा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी मामांकडे पाहिले. ते शांतपणे गाडी चालवत होते.

“वाजतंय का गं?” त्यांनी विचारले.

चाळीस वर्षे हातोडे आणि ग्राइंडर यांच्या गोंगाटात गेली. एकेकाळी नुसत्या आवाजावरून गाडीचा रोग सांगणारे माझे मामा! कधीपासून ऐकू येत नाही, हे त्यांनी घरी कुणालाच सांगितले नव्हते.

“वाजतंय, मामा.”

त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि पुन्हा चढावर आले. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला टिणटिण थांबली. मी तसे सांगितल्यावर त्यांनी बोल्ट आवळला, आणि दुसऱ्या दिवसाच्या दोन गाड्यांसाठी मला सकाळी आठला यायला सांगितले.